आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्यांसाठी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

आयसीयूचं दार उघडतं आणि हाक येते, "बेड नंबर सहाचे नातेवाईक!" जिन्यात सतरंजी टाकून बसलेलं अख्खं घर धडपडत उठतं. ही हाक कधी इंजेक्शनच्या चिठ्ठीसाठी असते, कधी रक्ताच्या पिशवीसाठी, तर कधी माणूस गेल्याचं सांगायला. शब्द तेच, म्हणून दर हाकेला काळजात धस्स होतं. हाक चुकेल या धास्तीने माणसं जेवायला जात नाहीत, संडासलाही जात नाहीत. औषध हवं असेल तर "औषध आणायचंय" हे हाकेतच यावं. घरातल्या एकाचा मोबाइल नंबर केसपेपरवर ठळक लिहावा, म्हणजे बाकीच्यांना दारापासून हलता येईल.

पहिली भेट सगळ्यात अवघड. तोंडात नळी, सुजलेला चेहरा, मनगटं पट्टीने कॉटला बांधलेली. गुंगीतला रुग्ण नळी उपसून काढू शकतो, म्हणून काही वेळा हात बांधावे लागतात. हे कुणी सांगितलंच नाही, तर "आमच्या बाबांचे हाल केले" हे शल्य घरच्यांच्या मनात घर करतं. बोटावरची क्लिप सरकली तरी मॉनिटर वाजतो, हेही त्यांना ठाऊक नसतं. आत नेण्याआधी परिचारिकेने दाराशी दोन मिनिटं एवढं सांगावं. मग हात धुऊन त्यांना रुग्णाचा हात धरू द्यावा, नावाने हाक मारू द्यावी.

आमची मुख्य मागणी रोजच्या बोलण्याची आहे. पहिली बैठक दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत, पुढे रोज ठरल्या वेळी, पंधरा मिनिटं, बसून. उभ्याउभ्या "सिरियस आहे, इथे सही करा" म्हटलं की सही मिळते, पण कशावर केली ते कळलेलं नसतं. पुढे व्हेंटिलेटरला हो म्हणणारा भाऊ आणि नको म्हणणारी बहीण एकमेकांना दोष देत राहतात. फ्रान्समधल्या २२ अतिदक्षता विभागांत मरणासन्न रुग्णांच्या नातेवाइकांचं नीट ऐकून घेणाऱ्या बैठका झाल्या, सोबत माहितीपत्रकही दिलं. २००७ साली निष्कर्ष आले: ९० दिवसांनी मानसिक आघाताची लक्षणं नेहमीच्या पद्धतीत ६९ टक्के नातेवाइकांत होती, या पद्धतीत ४५ टक्के.

बैठकीत डॉक्टरांसोबत समाजसेवा अधीक्षक, म्हणजे रुग्ण आणि नातेवाइकांना आधार देणारे रुग्णालयातले समाजसेवक, असावेत, आणि त्यांची रिक्त पदं आधी भरावीत. स्वतंत्र खोली नसेल तर दोन बाकं आणि एक पडदा चालेल. जिन्यात मात्र नको.

आपले,
अतिदक्षता विभागांत काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका