मोतीबिंदूनंतर डोळ्यात पू होऊ नये म्हणून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काकूंच्या मोतीबिंदूची तारीख ठरली, बरं झालं. ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडणार असं डॉक्टर म्हणाले आणि तू धास्तावलास. थेंबांनी भागत असेल तर आत कशाला, हा तुझा प्रश्न. माझं मत ठाम आहे: आतलं औषध जरूर सोडू द्या. हा संसर्ग रोखायचा तो टेबलावरच. घरच्या थेंबांचा नंबर त्यानंतरचा.

जंतू बहुतेक वेळा पेशंटचेच असतात. पापण्यांच्या कडांवर, त्वचेवर स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू एरवी निमूट राहतात; अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत शिरले की तेच पू करतात. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं औषध अँटिबायोटिक नाहीच, ते आहे पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक. पापण्या आणि भोवतालची त्वचा १० टक्क्यांच्या द्रावणाने पुसतात, आणि ५ टक्क्यांचं द्रावण प्रत्यक्ष डोळ्यात घालून ३ मिनिटं थांबतात. दिवसभरातल्या ऑपरेशनांची यादी लांबलचक असली की कात्री याच ३ मिनिटांना लागते, आणि तिथेच घात होतो. क्रमही महत्त्वाचा: भुलीची जेली आधी लावली तर तिचा थर आड येतो आणि आयोडीन पृष्ठभागाला भिडत नाही. आधी आयोडीन, मग जेली. हात धुवायचं फेसाचं आयोडीन मात्र डोळ्यात चुकूनही जाता कामा नये, त्यातल्या साबणाने पारपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, इजा होते. काकूंना कोळंबी बाधते म्हणून आयोडीन चालेल का, असं तू विचारलंयस. त्या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आयोडीन लावल्यावर पूर्वी अंगावर पुरळ उठलं असेल तर तेवढं सांगा.

आता आतलं औषध. पारपटलामागच्या पोकळीत जेमतेम पाव मिलिलिटर पाणी असतं. त्यात मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचं ०.१ मिलिलिटर, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम औषध सोडलं की जंतू मारायला लागतं त्याच्या कितीतरी पट प्रमाण तिथे लगेच तयार होतं. बाहेरून घातलेला थेंब काही मिनिटांत अश्रूंबरोबर नाकात उतरतो, आत पोचतो तो अगदी थोडा अंश. युरोपात २००३ ते २००६ या काळात १६ हजारांवर पेशंटांवर चाचणी झाली. त्यात सेफ्युरॉक्झिम हे दुसरं अँटिबायोटिक १ मिलिग्रॅम आत सोडलं होतं. ज्यांना ते दिलं नाही त्यांच्यात संसर्ग सुमारे पाचपट निघाला. आपल्या देशातला पुरावा याहून मोठा आहे. अरविंद नेत्र रुग्णालयांनी ६ लाखांहून जास्त ऑपरेशनांचा हिशेब २०१७ मध्ये मांडला: मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आत द्यायला लागण्याआधी १० हजारांमागे ७ डोळ्यांत संसर्ग, नंतर २.

चूक होते ती औषध तयार करताना. सेफ्युरॉक्झिमची पूड पातळ करताना गणित चुकलं तर दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याला, सूज येते. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनची दुकानातली साधी बाटली वापरली आणि तिच्यात प्रिझर्व्हेटिव्ह किंवा घट्टपणा आणणारा पदार्थ असला, तर डोळा आतून भडकतो. म्हणून हॉस्पिटलात एवढंच विचार: डोळ्याच्या आत वापरायलाच बनवलेली, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली कुपी आहे ना, आणि ती एकाच पेशंटला वापरता ना? हा प्रश्न विचारायला संकोच करू नकोस. संसर्ग रोखायला म्हणून व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक आत सोडणार म्हणाले तर पर्याय माग. त्याने क्वचित दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बंद पडून नजर गेलेली आहे.

ऑपरेशनआधी एक पाहा. काकूंचा डोळा सतत पाणावतो का, नाकाकडच्या कोपऱ्यावर दाबल्यावर पू येतो का? येत असेल तर ऑपरेशन पुढे ढकलायचं आणि आधी अश्रुपिशवीचा इलाज करायचा. पापण्यांवर कोंडा असेल तर तोही आधी साफ व्हायला हवा. साखर आटोक्यात हवीच.

घरी आल्यावर थेंब दोन प्रकारचे असतील, आणि गोंधळ इथेच होतो. अँटिबायोटिक सांगितलेले दिवस पूर्ण मात्रेत घालायचं आणि एकदम बंद करायचं. हळूहळू कमी केलं तर जंतू त्याला सरावतात. स्टेरॉइड मात्र उलट, ४ ते ६ आठवड्यांत टप्प्याटप्प्यानेच उतरवायचं. स्टेरॉइड प्रेडनिसोलोन असेल तर त्याची बाटली दर वेळी हलवायची, औषध तळाशी बसतं. हात साबणाने धुवून खालची पापणी ओढायची, एकच थेंब, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा. दुसऱ्या औषधाला ५ मिनिटांनी हात लावायचा. शेजारणीने सुचवलेलं गुलाबपाणी, मध, दूध यातलं काही नको. डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच.

आणि हे काकूंनाही वाचून दाखव. पहिले दोन-तीन दिवस थोडं खुपणं, पाणी येणं चालतं. संसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यात डोकं वर काढतो: ठणका वाढतो, लाली वाढते, पापणी सुजते, आणि आलेली नजर पुन्हा धुरकट होते. दर चौघांतल्या साधारण एकाला दुखतच नाही, म्हणून दुखण्यावर विसंबू नका. रोज सकाळी दुसरा डोळा झाकून, त्याच खुर्चीवरून भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचायला लाव. काल वाचलेला आकडा आज दिसत नसेल तर पुढच्या तपासणीची वाट बघू नकोस. रात्र असली तरी फोन कर आणि निघ. गोळ्यांनी हा आजार आवरत नाही. डोळ्यातला नमुना काढून व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम मागच्या भागात टोचतात, तेही त्याच दिवशी. फक्त उजेड कळण्याइतकीच नजर उरली असेल तर आतला गढूळ जेलीसारखा भाग काढायचं ऑपरेशन लागतं. त्यामुळे जवळ दृष्टिपटलाचा सर्जन कुठे आहे ते आताच विचारून ठेव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
शेखर

ता. क. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी या डोळ्याचे उरलेले थेंब वापरू नका. फोडल्यावर महिना झालेली बाटली टाकून द्यायची, भरलेली असली तरी.