सुकाणू माझ्याच हातात ठेवल्याबद्दल

तांडेलकाका,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "आधी शीड गुंडाळा" म्हणून विषय संपवता. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. क्लबात तुमचं काम रेस्क्यू बोट चालवण्याचं, शिकवायला वेगळी माणसं आहेत. पण चाळिशी उलटल्यावर, गुडघे कुरकुरत असताना, मला शिडाची होडी हाकता येते ती तुमच्यामुळे.

सगळे होडीचे भाग दाखवत होते, तुम्ही पाणी दाखवलंत. जिथे ते काळपट, खरबरीत दिसतं तिथून वाऱ्याचा झोत येतोय. सकाळी मतलई वारा मंद, दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. मुंबईच्या बंदरात तो कुलाब्याच्या इमारतींवरून येतो, म्हणून तुटक असतो. गेटवेला फार चिकटून गेलं तर आडोशात शीड लुळं पडतं. यातलं काही मला घरबसल्या कळलं नसतं.

वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची होडी जात नाही, आणि जायचं मात्र नेमकं तिकडेच असतं! मग वाऱ्याशी साधारण 45 अंश राखून, कधी या अंगाने, कधी त्या अंगाने टॅक घेत, म्हणजे वळत वळत नागमोडी, वर चढायचं. शीड वारा वळवतं, तळातून पाण्यात उतरलेली फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, होडीला आडवी सरकू देत नाही, म्हणून ती पुढे जाते. शिडाची पुढची कड फडफडली की टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, जरासा आपल्याकडे ओढायचा. हे तुम्ही शेजारून बोट चालवत, इंजिनाच्या आवाजावर ओरडून शिकवलंत.

आमची दोघींची होडी, एंटरप्राइज, उलटली त्या दिवसाचे आभार मात्र वेगळे. तुम्ही चार हातांवर होतात. दोर टाकला असता तर आम्ही दोघी लगेच सुटलो असतो. तुम्ही इंजिन मंद करून नुसतं बघत राहिलात. "शीट (शिडाचा दोर) सोडा! नाळ (होडीचं नाक) वाऱ्याकडे करा! एकीने आत, एकीने बोर्डावर!" मैत्रीण होडीच्या आतल्या कडेला पाण्यात पडून राहिली, मी सेंटरबोर्डावर उभी राहून जिबचा, म्हणजे पुढच्या लहान शिडाचा, दोर धरला आणि मागे झुकले. बराच वेळ काही हललं नाही. मग डोलकाठी पाण्यातून सुटली, निळं शीड धो धो निथळलं आणि होडी एकदम सरळ झाली, मैत्रिणीला पोटात घेऊनच. त्यानंतर मला उलटण्याची भीती वाटली नाही.

शर्यतीचंही तसंच. पाच मिनिटांचा इशारा, मग चार, मग एक, आणि रेषेवर सगळ्यांची झुंबड. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्याला वाट द्यायची. नियम पाठ होतात. पण ऑप्टिमिस्ट या मुलांच्या छोट्या होडीतल्या एका पोराचं शीड खुणेच्या तरंगत्या बोयाला लागलं, कुणी ओरडलं नाही, तरी त्याने चुकीची शिक्षा म्हणून स्वतःहून पूर्ण गिरकी घेतली आणि दोन होड्या पुढे जाऊ दिल्या. तुम्ही मला कोपराने ढोसलंत: "ही शर्यत." तो पोरगा शेवटी कितवा आला, मला आठवत नाही.

1982 च्या एशियाडच्या शर्यती मुंबईतच झाल्या, फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारच्या होडीत सुवर्ण मिळवलं, हे तुम्ही घरच्या लग्नासारखं सांगता. पुन्हा सांगा, मी ऐकेन.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला शिकायचं असेल तर पाऊस सरला की या. लाइफ जॅकेट मिळतं, मजबूत बोटं आणि जुनी चप्पल आपली आणायची. वयाचं फार मनावर घेऊ नका.

माझी भाची या मोसमात ऑप्टिमिस्टवर येते आहे. तिला लाडाने वागवू नका. आणि काकूंना सांगा, सुकट संपली.

तुमची,
निळ्या शिडाची