ककनमठ भुतांनी नाही रे बांधलं

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय सुध्या,

तू पाठवलेला ककनमठ देवळाचा व्हिडिओ बघितला. भुतांनी एका रात्रीत देऊळ उभं केलं ही गोष्ट इकडे पण सगळे सांगतात आणि मला खरंच राग येतो रे, कारण बांधणारी हाडामासाची माणसं होती, आणि लेखी पुरावा आमच्या किल्ल्यावरच आहे. तिथे सासबहू नावाची दोन देवळं आहेत, त्यातल्या मोठ्या देवळात १०९३ चा शिलालेख आहे, कच्छपघात राजा महीपालाच्या वेळचा, त्यात चक्क लिहिलंय की त्याच घराण्यातल्या कीर्तिराजाने सिंहपानीय इथे पार्वतीपतीचं अद्भुत देऊळ बांधलं. सिंहपानीय म्हणजे मुरैना जिल्ह्यातलं सिहोनिया, तुझ्या व्हिडिओतलंच गाव!

आता देऊळ कसं उभं आहे ते ऐक. चुना नाही, काही नाही, नुसता दगडावर दगड, आणि उंची जवळजवळ १०० फूट. बाहेरचं कोरीव काम बरंचसं गळून पडलंय त्यामुळे आतले ओबडधोबड थर उघडे पडलेत, लोकांना तेच भीतीदायक वाटतं, पण मला विचारशील तर शिकायला याच्याइतकं चांगलं देऊळ नाही, धड असलेल्या देवळात हे दिसतच नाही ना. छत करताना प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवायचा, त्याच्या मागच्या टोकावर वरचं ओझं द्यायचं म्हणजे पुढे आलेलं टोक खाली झुकत नाही, असं चारी बाजूंनी जवळ येत येत शेवटी वर एक शिळा ठेवून तोंड बंद. कमान नाहीच. तुमच्या अंबरनाथच्या मंडपात मान वर करून बघ, हीच युक्ती आहे, ते देऊळ १०६० चं, म्हणजे थोडं नंतरचं, फक्त तिथे आपला काळा कठीण दगड आणि इथे वाळूचा दगड, ज्याच्या लांब लांब तुळया निघतात आणि छिन्नी पण बारीक चालते.

सासबहूचं शिखर आज नाहीये, तीन मजली मंडप तेवढा उरलाय, पण आत मधोमध चार जाडजूड खांब आहेत आणि त्यांच्यावरचं कोरीवकाम खालपासून वरपर्यंत कुठे सैल पडत नाही, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथेही माळेतला मणी न् मणी सुटा कोरलेला. त्या कारागिरांचं श्रेय भुतांना द्यायचं?

थंडीत ये. आधी किल्ला, दुसऱ्या दिवशी सिहोनिया. दुर्बीण असेल तर आण, शिखराचे वरचे थर खालून नीट दिसत नाहीत. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या