बांज घे, पण वाळलेला

ठाणे,
पाडव्यानंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

तुझं पत्र पोचलं. बुखारीचा फोटो घरात सगळ्यांना दाखवला. पत्र्याची ती गोल शेगडी, वर छतातून बाहेर गेलेलं धुराड्याचं नळकांडं आणि शेजारी शाल गुंडाळून बसलेल्या वहिनी. उत्तराखंडातल्या तुझ्या मुक्तेश्वरची थंडी मला इथूनच जाणवली. इथे पंखा चारवर आहे तरी बनियन अंगाला चिकटलंय. पण "तू वखारवाल्याचा मुलगा, सांग, पुढच्या हिवाळ्यासाठी कुठलं लाकूड भरून ठेवू?" हे तुझं वाक्य वाचलं आणि नाकाला चरईतल्या वखारीचा वास आला. बाभळीच्या सालीचा, भुशाचा आणि दादांच्या विडीचा.

तुझी मुंज आठवते? मांडवामागे आचाऱ्यांनी चुलवण पेटवलं आणि तासाभरात मांडव धुराने भरला. मसालेभाताचं पातेलं काही केल्या उकळेना, तुझी आत्या डोळे पुसत बसलेली. मुरबाडहून आदल्याच दिवशी उतरलेला ओला आंबा गडबडीत आमच्या वखारीतून तुमच्याकडे गेला होता. दादांना कळलं तसे ते हातगाडीवर वाळकी बाभूळ घालून स्वतः ढकलत आले. तुझ्या आजोबांपुढे हात जोडून उभे राहिले, पैसे घेतले नाहीत, आणि रात्री जेवलेही नाहीत. "लाकडाची जात मागाहून विचारावी, आधी तोडून किती दिवस झाले ते विचारावं," असं ते नेहमी म्हणायचे. त्या दिवसानंतर ते मला नीट कळलं.

जातीत फरक नाही असं नाही. पण तो आपण समजतो तिथे नसतो. चांगलं वाळलेलं लाकूड किलोला किलो तोललं, तर बाभूळ काय नि पांगारा काय, उष्णता जवळजवळ सारखीच, साधारण ३५०० ते ४००० किलोकॅलरी. फरक वजनात आहे. बाभळीचा एक ओंडका जेवढा जड, तेवढ्याच आकाराचा पांगारा त्याच्या निम्माही भरत नाही. म्हणून पांगारा, सावर, शेवगा यांचा भुर्रकन जाळ होतो आणि मागे निखारा उरत नाही. आमच्याकडे मान धावड्याला आणि बाभळीला. रात्री राखेखाली झाकलेला निखारा पहाटे फुंकणीने जागा व्हायचा. ऐन त्याखालोखाल. खैर जळायला उत्तम, पण तो काताकडे जायचा. किनाऱ्याकडून सुरू यायचा, आणि त्याचं कौतुक म्हणजे ओला असतानाही तो बऱ्यापैकी पेटायचा. वड, पिंपळ, उंबर मात्र दादांनी कधी वखारीत घेतले नाहीत. समिधा म्हणून होमात चालतात, पण चुलीत घालायचे नाहीत, असं त्यांचं पक्कं होतं.

तुझ्या डोंगरात धावड्याची जागा बांजाची, म्हणजे तिकडच्या ओकची. जड, संथ जळणारा, निखारा धरणारा. बुरांश आणि काफळही चांगले. चीड, म्हणजे तिकडचा पाइन, फक्त पेटवणापुरता ठेव. त्याची राळ भरलेली एक ढलपी काडी लावताच पेट घेते, पण बुखारीत नुसता चीड जाळलास तर नळकांड्यात काजळी धरेल. सफरचंद आणि जर्दाळूच्या बागांची थंडीत छाटणी होते, ती लाकडं मिळाली तर सोडू नकोस. सफरचंदाचं लाकूड फार गोड जळतं म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. नुकतं तोडलेलं लाकूड क्विंटलभर घेतलंस, तर त्यातलं चाळीस-पन्नास किलो पाणी असतं. तिकडच्या टालवाल्याला तू तेवढे पैसे पाण्याचे देतोस. ते पाणी वाफ करायला आग आपली ऊब खर्च करते, पण खरं नुकसान पुढेच आहे. आग गारठते, लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत, धूर होऊन वर जातात आणि थंड नळकांड्यात डांबरासारखे चिकटतात. हा थर एक दिवस आतच पेटतो. म्हणून नळकांडं हिवाळ्यात दर महिन्याला साफ करून घे, वहिनी कितीही म्हणाल्या की "अजून चालेल" तरी.

बांज वाळायला हट्टी. अख्खा ओंडका दोन वर्षं घेईल. म्हणून आत्ताच, चैत्रात घे आणि लगेच फोडून घे. पाणी लाकडाच्या लांबीच्या दिशेने टोकांकडून बाहेर पडतं, सालीतून फारसं नाही. म्हणून तुकडे आखूड आणि चिरलेले हवेत. आमच्या वखारीत बंबफोड म्हणून वेगळा ढीग असायचा, वीतभर लांब आणि दोन बोटं जाड. बुखारीसाठी मनगटाएवढे कर. जमिनीवर नको, दोन बल्ल्यांवर रच. वरून पत्रा टाक, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेव. ताडपत्रीत गुंडाळलंस तर पावसाळ्यात बुरशी येईल. वाळलं की नाही ते कळायला दोन तुकडे एकमेकांवर आपट. खण्ण वाजलं की वाळलं, थप्प वाजलं तर अजून थांब. किंवा एका तुकड्यावर खूण करून दर पंधरवड्याला स्वयंपाकाच्या काट्यावर तोल. वजन उतरायचं थांबलं की झालं.

हिरव्या बांजाची फांदी मात्र कुणी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नकोस. बांजाच्या रानात पाणी मुरतं, खालचे झरे त्यावर जगतात, हे तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. पलीकडे चमोलीत, रेणी गावात, १९७४ साली चिपको आंदोलनात गौरादेवी झाडं तोडू नयेत म्हणून बायकांना घेऊन त्यांच्यापाशी उभ्या राहिल्या. तूही आता अशाच रानांच्या भरवशावर पाणी पितोस. पडलेलं, वठलेलं, छाटणीचं, एवढंच.

आणि बंड्या, झोपताना खिडकी बोटभर उघडी ठेव. कोळशाची शेगडी तर निजायच्या खोलीत कधीच नेऊ नकोस. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. तुम्ही दोघंच आहात तिथे, म्हणून हे दोनदा सांगतोय.

दादा गेले तेव्हा स्मशानात मी आधी लाकडांना हात लावून बघितला. कोरडी होती. मला तेवढ्यानेही बरं वाटलं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांची बंबफोडीची लहान कुऱ्हाड तुला पार्सल करतो आहे. पातं धार लावून घेतलंय, दांडा धावड्याचा आहे, त्याला तेल दिलंय. इथे फ्लॅटमध्ये ती माळ्यावर पडून राहते. पहिला बांज फोडशील तेव्हा त्याची एक ढलपी पाकिटात घालून पाठव. त्याचा वास कसा असतो ते मला बघायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या