डिस्क खराब म्हणण्याआधी बायोस उघडा

मा. संपादक,

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून ‘आता नवा संगणक घ्या’ हा सल्ला सगळीकडून ऐकू येतोय, आपल्या पुरवणीतही तो येऊन गेला. सल्ला चुकीचा नाही. माझ्या डीटीपीच्या दुकानातलं जुनं मशीन सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे ते बादच. पण नवं मशीन घरी आल्यावर पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

तयार मशीनच्या किमती बघून सुटे भाग घेतले आणि भाच्याकडून जोडून घेतले. बारावी पिढीचा आय-५, सोळा जीबी रॅम, च्युइंगगमच्या पट्टीएवढी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे सगळं साठवणारी वेगवान डिस्क. मशीन पहिल्या बटणाला चालू झालं. पेनड्राइव्ह लावून विंडोज ११ टाकायला घेतली. भाषा, लायसनच्या अटी सगळं सुरळीत, आणि ‘विंडोज कुठे टाकायची’ या पानावर यादी कोरी. डिस्क सापडत नाही, ड्रायव्हर (विंडोजला तो भाग ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) द्या, असा निरोप.

दुकानदाराला फोन लावला. माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत निदान तयार. “ताई, एसएसडी गेलीय. कंपनीकडे पाठवू, पंधरा-वीस दिवस धरून चाला.” ऐन लग्नसराईत! पत्रिकांचे मजकूर व्हॉट्सॲपवर येऊन पडलेले, आणि मी पंधरा-वीस दिवस धरून चालायचं.

खरं तर तीच एसएसडी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, मॉडेल आणि क्षमतेसकट दिसत होती. साफ गेलेली डिस्क तिथे दिसतच नाही. कोल्हापूरच्या एका प्रेसवाल्या दादांनी फोनवर ‘डिस्क बायोसमध्ये दिसते का?’ हाच पहिला प्रश्न विचारला आणि पुढचं सगळं समजावलं. अकराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये व्हीएमडी नावाची सोय आहे. ती चालू असली की डिस्क थेट विंडोजसमोर येत नाही, इंटेलच्या कंट्रोलरच्या आडून येते. त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवर नसला की यादी कोरी राहते. अनेक डिस्क एकत्र जोडून एकाच डिस्कसारख्या वापरणाऱ्यांना (याला ‘रेड’ म्हणतात) ही सोय कामाची. माझ्यासारखीला तिचा काडीचा उपयोग नाही, तरी काही मदरबोर्डांवर आणि बऱ्याच लॅपटॉपवर ती कारखान्यातूनच चालू करून येते.

बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद केलं आणि पुन्हा सुरुवात केली, तर डिस्क यादीत हजर. बंद करायची नसेल, तर इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि त्याच पानावरच्या ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवायचा. मेख अशी की नुसती एक्सई फाइल तिथे चालत नाही, ती उलगडून आयएनएफ फाइल असलेला फोल्डर द्यावा लागतो. ज्यांच्या मशीनवर विंडोज आधीच नीट चालू आहे, त्यांनी मात्र हे वाचून व्हीएमडीला हात लावू नये. विंडोज उठायचीच नाही, निळा पडदा येईल.

पुढे विंडोज ११ होमने इंटरनेट मागितलं आणि नव्या बोर्डाचं वायफाय काही तिला ओळखता येईना. ते ड्रायव्हर बोर्डाच्या खोक्यातल्या डीव्हीडीवर! हल्लीच्या कॅबिनेटला डीव्हीडी ड्राइव्ह बसवायला जागा तरी असते का? शेवटी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टिदरिंगवर, म्हणजे फोनचंच इंटरनेट संगणकाला देऊन, काम भागवलं.

हे शिकावं लागलं याची तक्रार नाही. तक्रार आहे ती न बघता केलेल्या निदानाची. एसएसडी पाठवली असती तर ‘दोष नाही’ म्हणून तीच परत आली असती. तोवर कामं दुसऱ्याकडे गेली असती ती वेगळीच. शिवाय अशा वेळी अडलेल्या गिऱ्हाइकाला ‘ॲक्टिव्हेट केलेली’ चोरटी विंडोज टाकून देणारेही भेटतात. तिच्यासोबत आत काय शिरतं ते देव जाणे, आणि आमच्यासारख्यांच्या मशीनवर लोकांची आधार कार्डं, बायोडेटा पडलेले असतात.

सुटे भाग विकणाऱ्यांनी त्या बोर्डाचे स्टोरेज, लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घालून द्यावेत. पेनड्राइव्हचे पैसे बिलात लावा, आम्ही देऊ. आणि आपल्या पुरवणीत ‘कोणता संगणक घ्यावा’ यावर पानभर मजकूर येतो, तसा बायोस कसं उघडायचं आणि डिस्क तिथे दिसते का हे कसं बघायचं, यावर अर्धं पान फोटोंसकट द्यावं, ही विनंती.

– एक डीटीपी व्यावसायिक, विटा (जि. सांगली)