गोकाकच्या घळईत मदत करणाऱ्यांचे आभार

कर्नाटकातली घटप्रभा नदी गोकाकजवळ सुमारे 52 मीटर खाली कोसळते. मला मात्र फोटोत हवे होते खालच्या घळईतल्या वालुकाश्माचे थर, तेही कोवळ्या उन्हात. ऊन वर आलं की दगड सपाट दिसतो. कड्यावर नेणाऱ्या मेंढपाळ मामांचे मनापासून आभार! त्यांना मराठी बेताचीच, मला कन्नड तेवढीच. शेवाळलेल्या दगडावर काठी आपटून ‘इकडं नको बाळा’ म्हणाले, तेवढं पुरलं.

वाऱ्यानं ट्रायपॉड हलत होता. कॉलेजच्या एका अनोळखी पोरानं स्वतःची सॅक दगडांनी भरून त्याला टांगली, म्हणून लांब एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून घेतलेला फोटो) साधलं. तुषारांनी भिजलेला लेन्सवरचा फिल्टर पुसायला टपरीवाल्या मावशींनी धुतलेला सुती रुमाल दिला.

तिघांसाठी फोटो छापून ठेवलेत. कुणी ओळखत असाल तर सांगा, स्वतः नेऊन देईन.