‘थांबून बोलणारे जपानी’ हा समज तपासावा

रविवार पुरवणीतील संवादकौशल्यावरच्या लेखात ‘जपानी माणूस समोरच्याचे पूर्ण ऐकून, थांबून मग बोलतो, आपण मध्येच तोंड घालतो’ असे म्हटले आहे. ते पटले नाही. नेदरलँड्समधील माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांच्या गटाने २००९ मध्ये दहा भाषांतील हो-नाही प्रश्नांना किती वेळात उत्तर येते ते मोजले. सर्वांत लवकर उत्तरे आली ती जपानीत, प्रश्न संपता संपताच! सर्वांत सावकाश डॅनिश. पण तिथेही सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आतच. एखादा शब्द मनात जुळवून उच्चारायलाच सुमारे ०.६ सेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच ऐकणारा उत्तराची तयारी करत असतो. ‘जेवायला येतोस ना?’ यातला ‘ना’ कानी पडण्याआधीच आपले ‘हो’ ओठांवर आलेले असते. याला उतावीळपणा म्हणणे अन्यायाचे आहे. मराठी त्या दहा भाषांत नव्हती. तेव्हा आपल्या बोलण्याला इतक्या ठामपणे नावे ठेवायला लेखकाकडे कोणता आधार आहे, तो त्यांनी द्यावा.

– एक वाचक, पुणे